पंखा लाल झाला की

मला शांत बसता येत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्या उन्हाळ्यात मात्र भिंगरी असूनही घरातच बसावं लागलं, मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, एका सेकंडहँड कॉम्प्युटरसमोर. त्यातही तो कॉम्प्युटर अर्धा वेळ बंद.

झालं होतं असं की मेकॅनिकलची डिग्री घेऊन बराच काळ लोटला होता आणि हाताला नोकरी नव्हती. दुपारी सिडकोतल्या एका क्लासमध्ये पोरांना डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकवायची, तेवढंच. मग वाळूजच्या एका टूलरूमच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्याच्या, मालकांनी माझं थोडं काम पाहिलं आणि म्हणाले, एका ब्रॅकेटच्या डायचं पूर्ण ड्रॉइंग घरून करून आणा. पत्रा दाबून ज्या साच्यातून भाग काढतात, ती डाय. जमलं तर नोकरी. मुदत मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत.

बाबांनीही तीच मुदत धरली. आजोबा भिक्षुकी करायचे, बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. एकाला मुहूर्त लागायचा, दुसऱ्याला तारीख. बाबा म्हणाले, "त्या शनिवारपर्यंत नोकरी पक्की झाली तर ठीक. नाही झाली तर आत्यानं सांगितलेल्या पुण्याच्या मुलाला बघायचं. बघायचं म्हणजे फक्त बघायचं." आमच्या घरात 'फक्त बघायचं' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी हो म्हणाले, कारण ड्रॉइंग होईल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शंका घ्यायला हवी होती ती मशीनबद्दल. एक कॉलेजचा मुलगा त्यावर गेम खेळायचा, त्याच्याकडून ते घेतलं होतं. एका बाजूला काच, पुढं तीन पंखे आणि मागं एक, आणि चारही पंखे रंगीत दिव्यांचे. लाल, मग जांभळा, मग निळा, मग हिरवा, पुन्हा लाल. दिवे बंद करायचं बटण त्या मुलाकडंच कधीतरी तुटलं होतं. पहिल्या दिवशी आई दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "गणपतीची आरास आहे का ही? आता वर्षभर ठेवायची?"

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. बिल्डिंगचं बोअर आटलं होतं, वापरायला टँकर. टँकरचं पाणी इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर धरायचा, आणि केस धुतले की ते खराट्यासारखे व्हायचे. समोर मात्र नवी सात मजली इमारत उठत होती. शहर करमाडच्या दिशेनं धावत सुटलं होतं, जालना रोडच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या पाट्याच पाट्या. समोरच्या कच्च्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी मारायचे, ते बघून बाबांचं डोकं फिरायचं. "माणसाला नाही, भिंतीला पाणी पाजायलेत," म्हणायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. खिडकी लावली की खोलीची भट्टी.

घरात कूलर एकच. तो हॉलमध्ये बाबांच्या खाटेशी. त्यात रोज दुपारी टँकरच्या पाण्याची एकच बादली ओतायची परवानगी होती. परवानगी देणारे बाबाच, आणि ती मोडायची हिंमत आमच्यात नव्हती.

पहिल्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा मी डायच्या खालच्या प्लेटवर भोकं टाकत होते. पडदा एकदम निळा झाला, इंग्रजीत काहीतरी माफी मागितली आणि सगळं गेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मॉनिटर काळा तो काळाच. पंखे मात्र जोरात, रंग बदलत, आत दिवाळी असल्यासारखे. बाबा मागून आले. "चालू आहे की. लाइट लागलेत."

"बाबा, लाइट लागले म्हणजे चालू नसतं."

"मग काय लागल्यावर चालू असतं?"

मी फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, हे लायटिंग करंट खातं, पॉवर सप्लाय पुरत नाही, बदलावा लागेल. बदलला. पुढचे दोन-तीन दिवस ठीक गेले, मग पुन्हा काळा पडदा. मी फोन केला तर तो म्हणाला, आता पंखे बदला. मला इतका राग आला की मी फोन ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. लोकांच्या मशिनचे साचे काढायला निघालेल्या बाईला स्वतःचं मशीन उघडता येऊ नये, हे मला सहन होईना.

आधी मॉनिटरची वायर बदलून पाहिली. मग ग्राफिक्सचं कार्ड काढून पुन्हा बसवलं. मग एकेक वायर उपटून पुन्हा लावली. काही नाही. मी उठायची, गॅलरीत जायची, टँकरचा हॉर्न ऐकायची, परत येऊन तेच करायची. आई म्हणाली, "अगं, जरा टेक." टेकले असते तर रडले असते.

शेवटी त्या रंगांनी डोळे दुखायला लागले म्हणून पंख्यांच्या दिव्यांची वायरच काढून टाकली. पंखे फिरत राहिले, दिवे गेले. आणि तेव्हा मला मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीक पिवळा दिवा दिसला. मोहरीएवढा. तो पहिल्या दिवसापासून तिथं सांगत बसला असणार, पण त्या झगमगाटात कोणाला दिसणार? मोबाइलवर बोर्डचं माहितीपत्रक शोधलं. पिवळा दिवा तसाच राहिला तर दोष मेमरीत.

मेमरी म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या. हातातलं काम मांडून ठेवायचा ओटा असतो तो. कपाट वेगळं, ओटा वेगळा. ओटाच डगमगत असेल तर कपाटातलं बाहेर काढून ठेवणार कुठं? मी खटके दाबून दोन्ही पट्ट्या काढल्या. एक लावून पाहिली, मशीन सुरू. ती काढून दुसरी लावली, पडदा काळा. दुसरी उजेडात धरली. तिच्या कडेचे सोनेरी दात मळके झाले होते, आणि काही दातांवर पांढुरकी खरखर. मी टेबलाच्या खणातून खोडरबर काढला, हलक्या हातानं दात घासले, कोरड्या कपड्यानं पुसले, पट्टी बसवली. मशीन सुरू झालं. मी आईला मिठी मारली तर ती म्हणाली, "खोडरबरनं?" आणि हसत सुटली. बाबांनी फक्त विचारलं, "आता दिवे का नाहीत?" दिवे असले की घरात काहीतरी चाललंय असं वाटतं, म्हणाले. मी त्या दिवशी राजाच्या थाटात होते. वायर पुन्हा जोडून दिली.

पांढुरकं ते काय होतं, याचा विचारच केला नाही. धूळ असेल म्हटलं.

चार-पाच दिवस बरे गेले. डाय आकार घेऊ लागली. दुपारी क्लासला जाताना मी पहिल्यापासूनच मशीनवर ताकदीचा हिशोब लावून जायची, म्हणजे दाब पडल्यावर प्लेट कुठं वाकेल ते मशीन आपलं आपण काढत बसायचं. एवढ्या कामानं ते तापणारच. आणि मग पुन्हा निळा पडदा सुरू झाला, आणि त्यानं सेव्ह करून ठेवलेली फाइलही नासवली, पेन ड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीवरून पुन्हा काम धरावं लागलं. मुदत दोन दिवसांवर. आत्यानं तर पुण्याच्या मंडळींना मुदतीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बोलावूनही टाकलं होतं. "नोकरीचं होईल तेव्हा होईल, लोक येऊन तर जाऊ देत," असं तिचं म्हणणं. बाबा तिला नको म्हणाले नव्हते.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पाप आलं. मला वाटलं, बाबांना हे काम व्हायला नकोच आहे. मी नसताना ते मशीनला काहीतरी करतात. मेन स्विच बंद करून चालू करत असतील. वायर हलवत असतील. मी जेवताना त्यांच्याकडं बघायची आणि ते वरणात भात कालवत राहायचे.

शुक्रवारी क्लास लवकर सुटला, कारण त्या इमारतीतल्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता आणि पोरांना घरी पाठवावं लागलं. भर उन्हात स्कूटी लावून मी वर आले. दार लोटलेलंच होतं.

हॉलमध्ये कूलर नव्हता. तो माझ्या खोलीत होता, स्टुलावर, मशीनच्या तोंडाला तोंड लावून, पूर्ण जोरात. शेजारी जमिनीवर बाबा बसले होते, बनियनवर, डोक्यावर ओला पंचा. घामानं निथळत होते. डोळे पंख्यांवर.

"बाबा, काय करायलात?"

त्यांनी बोट ओठावर ठेवलं, जणू मशीन झोपलं होतं. "तापायलं होतं गं. लाल झालं की मी कूलर लावतो. बघ, आता जांभळं झालं. थोड्या वेळात निळं होतंय."

"रोज लावता?"

"तू गेलीस की. तुझा तो हिशोब चालू असतो ना. माझं काय, मी पंचा भिजवून घेतो. ते थंड राहिलं पाहिजे." मग जरा अभिमानानं, "एकदाही लाल राहू दिलं नाही मी."

पंख्यांचे रंग आपोआप फिरतात. ऊन असो, थंडी असो, मशीन तापो न तापो, लालनंतर जांभळा आणि जांभळ्यानंतर निळा. बाबा रोज लाल बघत होते, कूलर लावत होते, निळं होताना बघत होते. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? मी काचेवरून बोट फिरवलं. बोट ओलसर झालं आणि त्याला पांढरे कण लागले. टँकरच्या पाण्याचे. बादलीत जो थर बसायचा तोच थर बारीक थेंबांबरोबर माझ्या मशीनच्या पोटात जात होता. पंखे तो आत ओढूनच घेत होते.

मी तिथंच बोलले. गोड बोलायला मला कधी जमलं नाही. "बाबा, रंगाचा आणि तापण्याचा काही संबंध नाही. ते दिवे आपले आपण बदलतात. तुमच्या कूलरनं मेमरी सडायली."

त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. "असं कसं? मी स्वतः बघितलंय." मी कूलर बंद केला. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत राहिलो. लाल. जांभळा. निळा. हिरवा. लाल. कूलर बंद होता आणि खोली तापत होती. पुन्हा निळा झाला तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं, पण मला एकाच वेळी राग येत होता आणि त्यांच्या पाठीवर उठलेलं घामोळं दिसत होतं. बाबांनी कूलर उचलून हॉलमध्ये नेला आणि संध्याकाळपर्यंत तो लावला नाही. आईनं लावला तर उठून बंद केला.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर पडले. "जरा जाऊन येतो." मला वाटलं बँकेत. मी रात्री पट्ट्या काढून टेबलावर कोरड्या व्हायला ठेवल्या होत्या, आता घासून बसवायच्या होत्या. टेबलावर एकच पट्टी. टेबलाखाली पाहिलं. खाटेखाली पाहिलं. आईला विचारलं, कचऱ्याचा डबा उलटा केला. दुसरी पट्टी घरात नव्हती. एकाच पट्टीवर मशीन सुरू केलं, पण पूर्ण डाय त्यावर उघडेना. अर्धी उघडायची आणि अडायची. एकेक प्लेट वेगळी उघडून ड्रॉइंग पूर्ण करत होते, घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते.

तेवढ्यात फोन. टूलरूमचे मालक.

"तुमचे वडील आलेत इथं," ते म्हणाले. "चहा दिलाय त्यांना. काय ते कूलरचं सांगायलेत, मला काय समजंना. तुम्ही येता का?"

मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत शहर आडवं कापत जावं लागतं. पूल, खोदलेले रस्ते, टँकरच्या रांगा. स्कूटीवर मी काय काय बोलले ते मला लिहिता येणार नाही. शिकल्या-सवरल्या मुलीचा बाप साहेबासमोर जाऊन गाऱ्हाणं घालतो, शाळेत उशीर झाला तर चिठ्ठी द्यावी तसं. मला वाटलं, संपलं. ड्रॉइंग नसतं बघितलं तरी चाललं असतं, पण आता तो माणूस मला कधीही इंजिनिअर म्हणणार नाही.

बजाजनगरच्या चौकातून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत ती टूलरूम. आत पत्रा दाबायचा प्रेस चालू होता, धाडधाड. मालकांच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा ताठ बसले होते. टेबलावर त्यांची चष्म्याची डबी उघडी, आणि तिच्यात, चष्म्याच्या जागी, माझी रॅमची पट्टी.

आयुष्यभर त्यांनी अर्ज पुढं सरकवले. पुरावा जोडल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझं काम अडलंय ते माझ्यामुळे नाही, हे दाखवायला ते पुरावा घेऊन बसनं वाळूजला आले होते. तो पुरावा घरी नसल्यामुळेच माझं काम अडलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. करायला गेले एक आणि झालं एक.

"हे बघा," ते मालकांना सांगत होते, प्रेसच्या आवाजावर ओरडून, "हे पांढरं दिसतंय ना, ते माझ्यामुळे. तिचं काही चुकलेलं नाही."

मालकांनी मला बसायला सांगितलं. मी पेन ड्राइव्ह पुढं केला, जेवढं झालं होतं तेवढं. त्यांनी ते कॉम्प्युटरवर उघडून चाळलं. एका ठिकाणी थांबले, वरून दाबणारा पंच आणि खालची डाय यांच्या मधली फट कमी पडायली म्हणाले, आणि ते खरं होतं. मग खुर्ची वळवली, माझ्याकडं नाही, बाबांकडं.

"काका, ड्रॉइंगचं सोडा. ते मी शिकवून घेईन, पोरीचा हात चांगलाय. मला येगळीच फिकीर आहे. आम्ही शेतातून आलेली माणसं, रोखठोक बोलतो. शिकवून तयार करायचं, अन् वर्ष नाय होत तर लगीन. मग पुणं, मुंबई. मागच्या दोघी अशाच गेल्या. लई नुकसान व्हतं. तुमच्याकडं काय चाललंय?"

मला हे माझ्याबद्दल माझ्याच समोर बापाला विचारणं मुळीच आवडलं नाही. मी तोंड उघडणार होते. पण उद्या रविवार होता. पुण्याची मंडळी निघाली असतील किंवा निघायच्या तयारीत असतील.

बाबा खोटं बोलत नाहीत. फार तर गप्प बसतात. मालक वाट बघत राहिले. मग बाबांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा शोधला, चष्मा शर्टाच्या खिशात सापडला, आणि तिथंच, आमच्या दोघांच्या समोर, आत्याला फोन लावला. प्रेसमुळे त्यांना ओरडावं लागत होतं, त्यामुळे ते बोलणं टूलरूममधल्या सगळ्यांनी ऐकलं.

"उद्या त्यांना येऊ नका म्हणावं... नाही, आजारी नाही कोणी... पुढच्या रविवारी नाही... तिला काम आहे. ती रिकामी नाही आता... मी कुठं आहे? मी वाळूजला आहे... अगं, शब्द दिला असशील तू. मी नव्हता दिला."

आत्या काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाबा बराच वेळ फोन कानाला धरून होते. मग म्हणाले, "बरं. तुला वाटेल तसं," आणि फोन खिशात ठेवला. चष्म्याच्या डबीतून पट्टी काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

मालक म्हणाले, "सोमवारी साडेनऊला या."

परतताना बाबा स्कूटीवर मागं बसले होते. घरून निघताना जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं मी काहीच बोलले नाही. आनंद झाला तो घरी पोचल्यावर. रस्ताभर नुसती भीती होती, की आता हे काम मला यायलाच हवं.

आत्या त्यानंतर आमच्याकडं आली नाही. तिनं दिलेला शब्द आम्ही मोडला होता, आणि आमच्या घराण्यात शब्द मोडणं फार वाईट. दर वर्षी राखीला ती परभणीहून सकाळच्या गाडीनं यायची, पुरणपोळी करूनच आणायची. त्या वर्षी पाकीट आलं. मी कामावरून आले तेव्हा बाबा खाटेवर बसून एका हातानं मनगटावर राखी बांधायचा प्रयत्न करत होते. दोऱ्याचं एक टोक दातात धरलं होतं. गाठ बसत नव्हती. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि आत्याच्या राखीची गाठ मारून दिली. त्यांनी हात उलटसुलट करून बघितला.

"हात धुऊन घे," ते म्हणाले. "पानं वाढलीत."